धाकटीला दोन पांघरुणं

जावकरावांनी त्या सकाळी एवढंच ठरवलं, की आता वही उघडायची. वही उघडणं म्हणजे काही फार मोठं धाडस नव्हे. पण त्यापायी पुढे त्यांना चार काठ्या घेऊन बसमधून प्रवास करावा लागला, सख्ख्या बहिणीला त्यांच्या डोक्याविषयी शंका आली, आणि लिंबाचं एक अख्खं झाड त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन आडवं पडलं. हे आधी कळलं असतं तर त्यांनी वही अडीच महिने बंद ठेवली होती तशीच ठेवली असती.

जावकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ऑफिसात ते एकतीस वर्षं जावक टेबलावर बसत. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर नंबर टाकायचा, पत्ता तपासायचा, पाकीट चिकटवायचं आणि रवाना करायचं, हे त्यांचं काम. कागद वाचायचा नाही. ‘वाचणारे वाचतील, आपण पोचवायचं,’ असं ते नव्या लोकांना सांगत. एकतीस वर्षांत त्यांच्या हातचं एकही पत्र चुकीच्या पत्त्यावर गेलं नव्हतं. ही गोष्ट ते दर सहा महिन्यांनी कुणाला तरी ऐकवत. (ऐकणारा बहुधा तोच असे, पण तो बिचारा दरवेळी नव्याने मान डोलवत असे.)

वही त्यांच्या बायकोची. घरातलं सगळं तिच्यात होतं. दुधाचे खाडे, औषधांच्या वेळा, कुणाच्या पायाचं माप, पाहुण्यांपैकी कुणाला कुठली उशी चालत नाही. ती गेल्यापासून वही स्वयंपाकघराच्या फळीवर होती आणि जावकराव तिच्याकडे न बघता चहा करायला शिकले होते.

दवाखान्यात शेवटच्या दुपारी ती शुद्धीवर होती. जावकराव खुर्ची ओढून अगदी जवळ बसले होते. आता ती काहीतरी बोलेल, अशी त्यांची खात्री होती. ती बोललीसुद्धा. म्हणाली, “माझ्या भाज्यांकडे बघा. कडाका पडला तर जळतील. वहीत लिहिलंय सगळं.”

जावकराव “हो” म्हणाले आणि पुढच्या वाक्याची वाट बघत बसले. पुढचं वाक्य आलं नाही. तिला झोप लागली, आणि संध्याकाळी सगळं संपलं.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण मनात ते कुसळासारखं रुतून बसलं होतं. एकतीस वर्षं नोकरीत गेली, तीस वर्षं संसारात, आणि शेवटी चौकशी कुणाची, तर वाटाण्याची. माणसासाठी एक शब्द नाही. त्यांना तिचा राग यायचा, मग मेलेल्या माणसाचा राग आला म्हणून स्वतःचा राग यायचा, आणि मग ते उठून परसात जाऊन भाज्यांना पाणी घालायचे. भाज्यांचा मात्र त्यांना कधी राग आला नाही. तिच्या हातची ती शेवटची लावणी होती. कोबीचे पाच गड्डे, सॅलडच्या पानांचा एक वाफा, वाटाण्याच्या दोन ओळी आणि कोपऱ्यात मोठ्या सिमेंटच्या कुंडीतलं लिंबाचं झाड, ज्यानं सात वर्षांत एकही लिंबू दिलं नव्हतं. वाटाण्याला नुकती फुलं धरली होती. त्या शेंगा भरेपर्यंत ती अजून या घरात आहे, असं काहीतरी जावकरावांनी मनाशी धरलं होतं.

तर त्या सकाळी रेडिओवर सांगितलं, की आज रात्रीपासून तीन दिवस हाडं गोठवणारी थंडी पडणार, उघड्यावरच्या पिकांना जपा. जावकरावांनी फळीवरून वही काढली.

औषधांचं पान आणि धोब्याचं पान यांच्या मधोमध ‘कडाका’ असा मथळा दिलेलं पान होतं. खाली तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

‘कडाका पडणार असं कळलं की दुपारी सगळ्यांना पोटभर पाणी द्यावं. थोरल्यांची काळजी नको, ते कपड्यांवर कपडे घालून बसलेत. नणंदबाईंवर टोपली पालथी घालावी, वर दगड ठेवावा. धाकटीला दोन पांघरुणं. अंगाला चिकटू देऊ नयेत, चार काठ्या लावून वर धरावीत. ऊन आलं की लगेच काढावीत, नाहीतर गुदमरते.’

जावकरावांनी पान दोनदा वाचलं. भाज्यांचं नाव कुठेच नव्हतं. म्हणजे हे घरच्या माणसांविषयी होतं, हे उघडच होतं. (वाचण्याची सवय नसलेल्या माणसानं एकदम वाचायला घेतलं की असं होतं.) थोरल्यांविषयी तर शंकाच नव्हती. जावकरावांचे दोन्ही थोरले भाऊ थंडीत एकावर एक तीन स्वेटर घालून कोबीसारखे बसतात, हे सगळ्या नातलगांना माहीत होतं. ‘कोबीसारखे’ हा शब्दसुद्धा त्यांच्या मनात आला, आणि तसाच निघून गेला.

नणंदबाईंच्या ओळीनं मात्र त्यांना घाम फुटला. नणंद म्हणजे त्यांची ताई. एकुलती एक. तीस वर्षांत दोघींचा आवाज कधी चढलेला त्यांनी ऐकला नव्हता, आणि पोटात हे! टोपली काय, दगड काय! त्यांनी ताईला फोन लावला.

“ताई, कशी आहेस?”

“बरी आहे. सकाळी सकाळी काय रे?”

“काही नाही. थंडी आहे.”

“ते मला खिडकीतून दिसतंय.”

“ताई, तुझं आणि हिचं कधी काही बिनसलं होतं का? म्हणजे, टोपलीवरून वगैरे?”

“टोपलीवरून?”

“हो. किंवा दगडावरून.”

मग ताई फार हळू, फार गोड आवाजात म्हणाली, “अरे, तू वेळेवर जेवतोस ना?”

जावकरावांनी फोन ठेवला आणि मनातल्या मनात दोघींनाही क्षमा करून टाकली. राहिली धाकटी. धाकटी म्हणजे त्यांची धाकटी मुलगी, दोन तासांवरच्या गावात मोठ्या दवाखान्यात नर्स. तिच्या हॉस्टेलच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही, हे तिनं एकदा सांगितलं होतं. आईनं ते लक्षात ठेवलं, लिहून ठेवलं. मुलीला दोन पांघरुणं. काठ्यांचं काही त्यांना उमगलं नाही. पण कागदावर लिहिलंय तसं पोचवायचं, यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली, स्वतः दोन तांबे पाणी प्यायले (पोटभर), कपाटातली दोन जाड पांघरुणं बांधली, परसातल्या चार काठ्या उपटल्या आणि बस पकडली.

त्या काठ्या वाटाण्याच्या ओळीच्या होत्या.

बसमध्ये काठ्या ना खाली मावत, ना वर. कंडक्टरनं विचारलं, “काका, तंबू का?” शेजारच्या म्हाताऱ्याला दोन वेळा कोपराला टोचल्यावर तो उठून उभाच राहिला. पाणी प्यायल्यामुळे जावकरावांना मधल्या थांब्यावर दोनदा उतरावं लागलं, आणि दोन्ही वेळा ते काठ्या बरोबर घेऊन उतरले.

धाकटी ड्यूटीवरून नुकतीच आली होती. दारात बाबा, काखेत गाठोडं, खांद्यावर काठ्या.

“बाबा! काय झालं?”

“काही नाही. आईनं सांगितलंय, तुला दोन पांघरुणं द्यायची.”

“आईनं?”

“लिहून ठेवलंय. आणि ह्या काठ्या. पांघरूण अंगाला चिकटू द्यायचं नाही म्हणे. चारी कोपऱ्यांत लावायच्या.”

धाकटीनं काठ्यांकडे बघितलं, पलंगाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. आधी तिला हसू फुटलं, मग हसता हसता ती त्याच पांघरुणात तोंड खुपसून रडायला लागली. पांघरुणाला आईच्या कपाटाचा वास होता. जावकरावांना काय करावं कळेना. ते हातातली काठी सावरत तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि काठी दोनदा दिव्याला लागली.

“पलंगाला काठ्या नाही लागायच्या, बाबा,” ती नाक पुसत म्हणाली.

“नको लावूस. पण ठेव. आणि ऊन आलं की पांघरुणं काढ. गुदमरशील.”

शेवटची बस निघून गेली होती. ती रात्र त्यांनी हॉस्टेलच्या ऑफिसातल्या बाकावर काढली, आणि सकाळी उजाडता उजाडता पहिली बस धरली. अनेक दिवसांनी त्यांना हलकं वाटत होतं. बायकोनं सांगितलेलं एक काम आपण चोख केलं, असं त्यांना वाटत होतं.

परसाचं दार उघडलं आणि ते जागेवर उभे राहिले. सगळीकडे पांढरा थर होता. कोबी ठीक होते. सॅलडची पानं काचेसारखी दिसत होती, हात लावल्यावर बोटांत चिखल झाला. आणि वाटाणा, आधाराच्या काठ्या नसलेला, जमिनीवर पसरून काळा पडला होता. फुलं तर चहाची पत्ती सांडावी तशी दिसत होती. जावकराव ओळीच्या कडेला उकिडवे बसले आणि एक वेल उचलून उभा करायचा प्रयत्न करू लागले. तो पुन्हा पुन्हा आडवा पडत होता. “अगं, मी गेलो होतो ना,” ते म्हणाले, “तू सांगितलंस म्हणूनच गेलो होतो.” मग त्यांना रडू आलं, आणि ते बघायला तिथे कुणी नव्हतं म्हणून त्यांनी ते आवरलं नाही.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर आवकबाई बसत. येणारे कागद त्यांच्याकडे, जाणारे यांच्याकडे. तीस वर्षं दोघांच्या मध्ये एक स्टेपलर होता, तो दोघांचा. वाटाण्याचं बी आवकबाईंनीच दिलेलं होतं. जावकरावांनी घडलं ते सांगितलं. आवकबाई ऐकत गेल्या आणि त्यांचा हात हळूहळू कपाळाकडे गेला.

“अहो जावकराव! धाकटी म्हणजे वाटाणा!”

“काय?”

“त्या भाज्यांना नात्यातली नावं ठेवायच्या. थोरले म्हणजे कोबी. नणंदबाई म्हणजे सॅलड, जरा कुणी वाकडं बोललं की मान टाकणार. आणि धाकटी म्हणजे वाटाणा, कुणाच्या तरी गळ्यात पडल्याशिवाय उभी राहत नाही. मला फोनवर सांगून सांगून हसायच्या. तुम्हाला नव्हतं माहीत?”

जावकरावांना नव्हतं माहीत. तीस वर्षं परसात बायको कुणाशी बोलते, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. त्यांना वाटायचं, फोन चालू असेल.

“सगळा गेला का वाटाणा?” आवकबाईंनी विचारलं.

“भिंतीकडची सात रोपं आहेत. जरा हिरवी दिसतायत.”

“मग आजची रात्र कालच्यापेक्षा वाईट आहे. ती सात तरी वाचवा. आणि पान उलटून बघा, मागे काही असेल. मी आता निघते, सुनेला दवाखान्यात न्यायचंय.”

जावकराव धावत घरी आले. पांघरुणं धाकटीकडे होती, काठ्याही धाकटीकडे. (म्हणजे नर्स धाकटीकडे. आता त्यांना प्रत्येक नातं असं फोडून बघावं लागत होतं.) त्यांनी झाडूचे दोन दांडे, एक छत्री आणि पडद्याचा गज असे चार खांब रोवले आणि वर स्वतःची रजई आणि स्वतःचं ब्लँकेट घातलं. घरात पांघरायला दुसरं काही उरलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं, पण आपला प्रश्न आता नव्हताच. वाफ्यावरच्या उरल्यासुरल्या सॅलडवर टोपली पालथी घालून दगड ठेवला आणि “ताई, माफ कर,” असं म्हणाले. मग वहीचं पान उलटलं.

मागच्या बाजूला पाचच ओळी होत्या.

‘ह्यांना मात्र आत घ्यावं. कोपऱ्यात बसून राहतील, आपणहून हलायचे नाहीत. वरून काटेरी, पण कडाका मुळीच सोसत नाही, आणि तसं बोलूनही दाखवायचे नाहीत. ओढून आणावं लागलं तरी चालेल. विसरू नये.’

काल फसलेला माणूस आज शहाणा होतो. धाकटी म्हणजे मुलगी नव्हे, नणंद म्हणजे बहीण नव्हे, थोरले म्हणजे भाऊ नव्हेत. हे सगळं त्यांना आता पक्कं पाठ झालं होतं. तेव्हा ‘हे’ म्हणजे कोण, असा प्रश्न त्यांनी अगदी थंड डोक्यानं परसाला विचारला. कोपऱ्यात बसलेला. आपणहून न हलणारा. काटेरी. त्यांनी वळून बघितलं, आणि सात वर्षांत एकही लिंबू न दिलेलं लिंबाचं झाड त्यांच्याकडे बघत होतं.

“अच्छा,” जावकराव म्हणाले, “ते तुम्ही होय!”

सिमेंटची ती कुंडी दोघांना हलत नसे. जावकरावांनी ती एकट्यानं, इंच इंच करून, तासाभरात स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणली. पाठीत दोनदा काहीतरी वाजलं. ते कुंडीशी ‘चला साहेब, थोडंच राहिलं’ असं बोलत होते. अंधार पडता पडता त्यांनी बाहेरून शेवटचा जोर लावला, कुंडी उंबऱ्यावर चढली, दाराच्या चौकटीत गच्च बसली, आणि थांबली.

ना पुढे, ना मागे. वरचं अर्धं दार काटेरी फांद्यांनी भरलेलं. पुढच्या दाराला आतून कडी. फोन आत, ओट्यावर. दिवासुद्धा आत, आणि त्याच्या उजेडात लिंबू अगदी ऐसपैस दिसत होतं. जावकरावांनी फांद्यांतून आत शिरून बघितलं, तेव्हा लिंबानं त्यांचा कान धरला. मग त्यांनी भिंतीपलीकडच्या मीटरवाल्यांना हाका मारल्या. मीटरवाले विजेचे मीटर वाचून निवृत्त झालेले. थंडीत ते कानावर दोन टोप्या घालत, त्यामुळे त्यांना फक्त समोरचं ऐकू येई.

जावकराव कोबीच्या ओळीत जाऊन बसले. गारवा जमिनीतून वर येत होता. समोर त्यांचीच रजई, त्यांचंच ब्लँकेट, चार दांड्यांवर ताणलेलं. त्यांनी एकदा ब्लँकेटचं टोक हातात घेतलं. खाली सात वेली एकमेकींच्या गळ्यात पडून उभ्या होत्या. त्यांनी टोक परत सोडून नीट केलं.

“तुमचं बरं आहे,” ते कोबीला म्हणाले, “कपडे घालून बसलात.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “तुमच्यासाठी लिहिलं. तिच्यासाठी लिहिलं. त्या लिंबासाठी सुद्धा पाच ओळी लिहिल्या हो. विसरू नये, म्हणाली. माझ्यासाठी एक ओळ लिहिली असती तर काय झालं असतं?” कोबी थोरल्या भावांसारखेच गप्प राहिले.

जेवणवेळ उलटून गेल्यावर मीटरवाले पाण्याचा नळ गोठला का बघायला टॉर्च घेऊन बाहेर आले. उजेड भिंतीवरून फिरत कोबीवर आला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

“जावकराव? तुम्ही सहावे का?”

“कुंडी अडकलीय,” जावकराव म्हणाले. दात इतके वाजत होते, की मीटरवाल्यांना ते ‘थंडी भडकलीय’ असं ऐकू आलं आणि ते “हो ना” म्हणून निघालेच होते. शेवटी जावकरावांनी त्यांना हातवारे करून समजावलं. मीटरवाल्यांनी घण आणला. तीन घावांत कुंडी फुटली, अर्धी माती स्वयंपाकघरात गेली, आणि लिंबू एकदाचं आत जाऊन ओट्याखाली आडवं झालं. जावकराव कोट घालून, वर खिडकीचे पडदे घेऊन झोपले. खोकला लागलीच सुरू झाला.

धाकटी सकाळच्या पहिल्या बसनं आली. काठ्यांच्या प्रकारापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. काखेत दोन पांघरुणं, खांद्यावर चार काठ्या, आणि स्वयंपाकघरात लिंबाचं झाड. तिनं आधी बाबांच्या अंगावर दोन्ही पांघरुणं घातली, मग परसात ऊन आलेलं बघून वाटाण्यावरची रजई काढली. सातही वेली उभ्या होत्या. एकीला फूल होतं.

“सात आहेत, बाबा,” ती आत येत म्हणाली. “आता हे लिंबू इथे का, ते सांगा.”

“आईनं लिहिलंय. मागच्या पानावर.”

धाकटी वही घेऊन पलंगाच्या कडेला बसली. पुढचं पान वाचताना ती हसली. पान उलटलं, आणि तिचं हसू थांबलं. तिनं ते हळू मोठ्यानं वाचलं. कोपऱ्यात बसून राहतील. बोलूनही दाखवायचे नाहीत. विसरू नये.

“बाबा,” ती म्हणाली, “आई तुम्हाला काय म्हणायची?”

“काय म्हणायची? अहो म्हणायची.”

“आणि दुसऱ्यांशी तुमच्याविषयी बोलताना?”

जावकराव खोकत होते. खोकता खोकता थांबले.

“हे,” ते म्हणाले.

जावकरावांनी वही मागून घेतली, चष्मा लावला, आणि त्या पाच ओळी पहिल्यापासून वाचल्या. मग पुन्हा वाचल्या. डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं, ते त्यांनी पुसलं नाही. ती त्यांना आत घ्यायला सांगून गेली होती, आणि ते तीन तास कोबीत बसून तिच्यावर रुसले होते.

“कुणाला सांगू नकोस,” ते शेवटी म्हणाले.

“काय?”

“एकतीस वर्षांत एक पत्र चुकीच्या पत्त्यावर गेलं नाही माझं. आणि मला एकच आलं, ते मी लिंबाला पोचवलं.”